परिषदेतले अब्ज डॉलर वेदगंगेकाठच्या मळीपर्यंत का येत नाहीत?

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी भागातल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "दरवर्षी हवामान परिषद भरते, श्रीमंत देश इतके अब्ज डॉलर देणार असे पेपरात येते. २०१९ ला आणि २०२१ ला आमचा ऊस पाण्याखाली गेला. त्या पैशातले आमच्या गावापर्यंत काहीच का येत नाही? ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने थेट अर्ज केला तर चालतो का? आणि एकीकडे देणार म्हणतात, तर बेळगावच्या फौंड्रीवाल्यांच्या मालावर युरोप कार्बनचा कर कसा काय लावतो?"

आधी तिन्हींची सरळ उत्तरे. थेट अर्ज चालत नाही. छापून येणारा आकडा बहुतांश कर्जाचा असतो, आणि पूर अडवणारे काम कर्ज फेडत नाही, म्हणून ते रांगेत मागे राहते. युरोपच्या कराचा या देण्याशी हिशेबापुरताही संबंध नाही. तो पैसा युरोपच्याच तिजोरीत जातो. पण तुमच्या जिल्ह्यात परिषदेच्या पैशाआधी हा करच येऊन पोहोचला आहे.

परिषदेचा कागद हातात आला की आकड्याच्या आधी क्रियापद बघायचे. २०१५ च्या पॅरिस कराराचे कलम ९ घ्या. पहिल्या उपकलमात विकसित देश विकसनशील देशांना आर्थिक साधने 'पुरवतील' असे आहे, आणि ते क्रियापद बंधनकारक आहे. तिसऱ्या उपकलमात मात्र निरनिराळ्या मार्गांनी पैसा 'उभा करण्यात त्यांनी पुढाकार घेत राहावा' अशी भाषा येते. पुरवणे म्हणजे स्वतःच्या खजिन्यातून काढून देणे. उभा करणे म्हणजे बँका, खासगी कंपन्या, पेन्शन फंड यांना जमवून आणणे. स्वतः आहेर करणे आणि आहेराची वही फिरवणे यात जो फरक, तोच. गेली दहा वर्षे श्रीमंत देश तिसऱ्या उपकलमावर बोट ठेवतात आणि भारत पहिल्यावर. जून २०२५ मध्ये जर्मनीतल्या बॉनच्या बैठकीत भारत ज्यात आहे त्या समविचारी विकसनशील देशांच्या गटाने ९.१ वेगळा विषय म्हणून घ्या असा आग्रह धरला, तेव्हा नुसती विषयपत्रिका मंजूर व्हायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ उजाडली.

एका शब्दासाठी एवढे का, असे वाटेल. पॅरिसचाच दाखला पुरेसा आहे. उत्सर्जन कपातीच्या कलम ४.४ मध्ये शेवटच्या मसुद्यात विकसित देशांसाठी बंधनकारक क्रियापद छापले गेले होते. अमेरिकेने हरकत घेतली, कारण तो शब्द राहिला असता तर करार सिनेटपुढे न्यावा लागला असता. १२ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी सचिवालयाने छपाईतली चूक म्हणून तो बदलून 'करावे' असा वाचून दाखवला आणि करार पार पडला. ग्लासगोला २०२१ मध्ये कोळसा 'बंद करणे' ऐवजी 'कमी करत नेणे' हा बदल भारताने शेवटच्या तासात घडवून आणला. म्हणजे ही कला आपल्यालाही येते.

मसुदा कसा बनतो ते कळले की हे सगळे कमी गूढ वाटते. जूनमध्ये बॉनला दोन सहायक मंडळांच्या बैठका होतात, वर्षाच्या शेवटी मुख्य परिषद. जिथे एकमत नसेल तो शब्द चौकटी कंसात जातो. एकाच वाक्यात तीन-तीन पर्याय, प्रत्येकाला कंस. दोन सहसंयोजक, एक श्रीमंत गटातला आणि एक विकसनशील गटातला, हे कंस एकेक करून सोडवत बसतात. मतदान होत नाही, कारण मतदानाचा नियमच १९९० च्या दशकापासून मंजूर झालेला नाही. सगळे सहमतीने. सहमती म्हणजे सगळे खूश असे नव्हे, अध्यक्षांचा हातोडा पडेपर्यंत कोणी औपचारिक हरकत नोंदवली नाही एवढेच. म्हणून हातोड्याच्या आधी हात वर दिसणे महत्त्वाचे. अझरबैजानमधल्या बाकूला २४ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे हातोडा आधी पडला आणि भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांना बोलायला नंतर मिळाले. पैशाच्या नव्या आकड्याचा हा ठराव म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम आहे, हे त्यांचे म्हणणे इतिवृत्तात राहिले आणि ठराव आहे तसा मंजूर राहिला.

देणे कोणी लागते, हा त्याखालचा वाद. १९९२ च्या संयुक्त राष्ट्र हवामान कराराला (तो २१ मार्च १९९४ पासून लागू आहे) परिशिष्टे आहेत. दुसऱ्या परिशिष्टातल्या देशांनी पैसा द्यायचा. ही यादी त्या वेळच्या श्रीमंतांची आहे. चीन, सौदी अरेबिया, दक्षिण कोरिया, सिंगापूर तिच्यात नाहीत. तत्त्व असे, की जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. ज्याने जेवढा धूर सोडला आणि ज्याची जेवढी ऐपत, त्या मानाने. माणशी हिशेब केला तर भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड येतो, अमेरिकनाच्या सुमारे १४ टन. श्रीमंत देश म्हणतात, यादी जुनी झाली, चीननेही हात सैल करावा. एकत्र कुटुंबाच्या वाटणीत जे होते तेच इथे होते. आजोबांच्या वेळचे कर्ज कोणाच्या नावावर, यावर नातवंडे भांडतात, आणि दरम्यान घराचे वासे कुजतात.

आता आकडे. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर 'उभे करण्याचे' कबूल केले. हा आकडा गरज मोजून काढलेला नव्हता. ओईसीडी या श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबाने २०२० मध्ये ८३.३ अब्ज झाले, २०२१ मध्ये ८९.६, आणि २०२२ मध्ये ११५.९, म्हणजे दोन वर्षे उशिरा. ही ११५.९ ची फोड बघा: सरकारी मार्गाने ९१.६, त्यातून ओढून आणलेला खासगी पैसा २१.९, निर्यात पतपुरवठा २.४. सरकारी भागातही सुमारे ६९ टक्के कर्ज आणि २८ टक्क्यांच्या आसपास अनुदान.

कर्ज मोजायची पद्धत हा खरा घोळ आहे. समजा एखाद्या देशाने १०० रुपयांचे सवलतीचे कर्ज दिले. ते व्याजासकट परत येणार, तरी 'मदत' म्हणून पुरे १०० रुपये लिहिले जातात. बाजारभावाचे व्याज आणि घेतलेले व्याज यातला फरक, म्हणजे खरी सवलत, एवढीच धरली तर आकडा पार खाली येतो. ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने २०२२ च्या पैशाची खरी किंमत याच रीतीने २८ ते ३५ अब्ज डॉलर काढली होती. त्यात आपल्या बाजूने आणखी एक गोष्ट जोडायला हवी. कर्ज डॉलरचे, परतफेड रुपयाच्या कमाईतून. २०१० साली डॉलर ४६ रुपयांच्या आसपास होता, आता ८५ च्या वर आहे. व्याज कितीही कमी असो, मुद्दलच रुपयात जवळजवळ दुप्पट झाले. सोसायटीच्या पीककर्जात असे कधी होत नाही, म्हणून आपल्याला याचा अंदाज चटकन येत नाही.

बाकूला नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला किमान ३०० अब्ज, विकसित देशांच्या 'पुढाकाराने', सरकारी-खासगी अशा सगळ्या मार्गांनी. विकसनशील देशांनी मागितले होते १.३ लाख कोटी डॉलर. तो आकडाही ठरावात आहे, पण 'सर्वांनी त्या दिशेने काम करावे असे आवाहन' या क्रियापदाखाली. बोलाचीच कढी. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला जुळवून घेण्याच्या कामांचा पैसा २०३५ पर्यंत किमान तिप्पट करण्याच्या प्रयत्नांचे आवाहन झाले. हेही आवाहनच.

तुमचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. हवामानाच्या पैशाचे दोन ढीग असतात. धूर कमी करण्याच्या कामांचा एक आणि बदललेल्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांचा दुसरा. सौरप्रकल्प, मेट्रो, पारेषण वाहिन्या यांतून वीजबिल किंवा तिकीट येते, त्यामुळे त्यांना कर्ज मिळते. वेदगंगेच्या काठचा बांध, ओढ्याचे रुंदीकरण, पूर येण्याच्या आधी मिळणारी सूचना यांतून नुकसान टळते, पण कोणी पावती फाडत नाही. म्हणून २०२२ च्या ११५.९ पैकी दुसऱ्या ढिगात फक्त ३२.४ अब्ज पडले. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२५ च्या अहवालानुसार विकसनशील देशांची या कामांची गरज २०३५ पर्यंत वर्षाला ३१० ते ३६५ अब्ज डॉलरची होईल, आणि २०२३ मध्ये बाहेरून सरकारी मार्गाने आले २६ अब्ज. याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी महाराष्ट्राने कार्यक्रम आखला तोही जागतिक बँकेच्या कर्जावर.

अनुदान मिळण्याची खिडकी मुख्यतः हरित हवामान निधीची. त्याचे कार्यालय दक्षिण कोरियात इंचॉन शहरातल्या साँगडोला आहे, आणि संचालक मंडळात १२ जण विकसित देशांचे, १२ विकसनशील देशांचे. तिथे ग्रामपंचायत, संस्था, एवढेच काय राज्य सरकारसुद्धा थेट जाऊ शकत नाही. मान्यताप्राप्त संस्थाच प्रस्ताव नेते. भारतात नाबार्ड आणि सिडबी ही त्यातली ओळखीची नावे. वाट अशी: कल्पना आधी राज्याच्या खात्याकडे आणि नाबार्डकडे, त्यांनी संकल्पना टिपण करायचे, दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे ना-हरकत पत्र, मग साँगडोच्या सचिवालयाची छाननी, स्वतंत्र तांत्रिक समितीची छाननी, संचालक मंडळाची बैठक. मंजुरी मिळाली म्हणजे पैसा आला असेही नाही. त्यानंतर कायदेशीर करार होतो, त्यातल्या अटी पुऱ्या झाल्या की पहिला हप्ता सुटतो. छाननीलाच दोन-दोन वर्षे जात, म्हणून निधीने ती मुदत कमी करण्याचे ठरवले आहे.

यात कुठे अडते ते नेमके सांगतो, कारण तुमच्या तालुक्याला यातल्या काही गोष्टी आजपासून करता येतात.

पहिली अडचण आकाराची. निधीच्या मोजमापात १ कोटी डॉलरपर्यंतचा प्रकल्प 'सूक्ष्म' समजतात, म्हणजे ९० कोटी रुपयांच्या आसपास. एका गावाच्या दोन कोटींच्या कामाला तिथे टेबलच नाही. ओडिशाचा २०१७ मध्ये मंजूर झालेला भूजल पुनर्भरण आणि सौर सूक्ष्मसिंचनाचा प्रकल्प नाबार्डने नेला होता. त्यात निधीचे अनुदान ३.४४ कोटी डॉलर होते आणि बाकीचा मोठा भाग इतर योजना आणि कर्जातून जोडलेला. म्हणजे 'तुम्ही द्या' म्हणून चालत नाही, आपल्या योजनांचा वाटा आधी मांडावा लागतो. गावागावाने सुटे न जाता नदीखोऱ्याप्रमाणे पंचायतींचा गट बांधला तरच आकडा त्यांच्या मापात बसतो.

दुसरी अडचण हवामानाचे कारण सिद्ध करण्याची, आणि बरेच प्रस्ताव इथे गळतात. "आमच्याकडे पूर येतो" हे कारण नव्हे. पूर पूर्वीही येत होते. हवामान बदलल्यामुळे तो वाढला, किंवा पावसाचे दिवस कमी होऊन एकेका दिवसाचा पाऊस वाढला, हे लांब पल्ल्याच्या, शक्यतो ३० वर्षांच्या, नोंदींवरून दाखवावे लागते. नदीपात्रातले अतिक्रमण, पुलांचे भराव, धरणातून पाणी सोडण्याचे वेळापत्रक यांमुळे वाढलेला पूर असेल तर निधी म्हणतो, हा तुमच्या कारभाराचा प्रश्न, आमचा नाही. दोन्ही कारणे मिसळलेली असतात, तेव्हा ती प्रामाणिकपणे वेगळी करून लिहिलेला प्रस्ताव टिकतो, आणि सगळे खापर हवामानावर फोडलेला प्रस्ताव तांत्रिक समितीत पडतो.

बेळगाव जिल्ह्याचे तर आणखी एक आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला धो-धो पाऊस आणि अथणीकडे दुष्काळ, दोन्ही एकाच जिल्ह्यात. जिल्ह्याची सरासरी काढली की दोन्ही दुखणी नाहीशी होतात. त्यामुळे सरासरी वापरूच नये. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायत पातळीपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत. पंचायतीने आपल्या मापकाच्या दैनंदिन नोंदी मागवून ठेवाव्यात आणि तालुक्याच्या जुन्या मापकाच्या नोंदींना जोडाव्यात. त्याचबरोबर २०१९ आणि २०२१ ची पाण्याची रेघ शाळा, देऊळ, सोसायटीच्या भिंतीवर तारखेसकट पक्क्या रंगाने मारून घ्या, तिचे स्थान मोबाईलवर अक्षांश-रेखांशासह टिपा आणि बुडालेल्या सर्व्हे नंबरांची यादी पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडून) ग्रामसभेच्या ठरावाला जोडून घ्या. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले होते हे सर्वांना आठवते, पण आठवण छाननीत धरत नाहीत.

तिसरी अडचण हद्दीची. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, तिन्हींचे उगम सह्याद्रीत महाराष्ट्राच्या हद्दीत, आणि वरची मोठी धरणेही तिकडेच. कर्नाटकाच्या प्रस्तावात काळम्मावाडी धरणाच्या दरवाज्यांचे वेळापत्रक घालता येत नाही, आणि महाराष्ट्राच्या प्रस्तावात निपाणी-चिकोडीची नदीकाठची मळी येत नाही. खाली अलमट्टी धरणाच्या पाणीपातळीवरून दोन्ही राज्यांत वाद आहेच. वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा हा वाद जागतिक परिषदेतल्या वादापेक्षा फार वेगळा नाही. दोन्ही राज्यांचा एकत्र प्रस्ताव केंद्रामार्फत गेला तर त्याला वजन येईल. तोवर आपल्या हद्दीत होणारी कामे वेगळी काढणे शहाणपणाचे: पावसाळ्याआधी ओढ्यांचे गाळ काढणे, उंचावर जनावरांच्या छावणीची जागा, पंपसेट आणि हेस्कॉम या वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरची उंची वाढवणे, नदीकाठच्या पट्ट्यात पाणी सोसणाऱ्या उसाच्या जाती. यातली काही कामे उद्योग खात्री (रोजगार हमी) आणि पाणलोटाच्या पैशातून होतात, आणि झालेली कामे हाच पुढच्या प्रस्तावात आपला वाटा म्हणून मोजला जातो.

कागदपत्रांत भाषेचा त्रासही आहेच. नुकसान मराठीत सांगितले जाते, अर्ज कन्नडमध्ये लागतो आणि प्रस्ताव इंग्रजीत. पंचायतीच्या विकास आराखड्यात काम कन्नडमध्ये नीट नोंदले गेले आहे का, एवढे ग्रामसभेतच तपासून घ्या. मराठीतून झालेली चर्चा आराखड्यात 'नाला दुरुस्ती' एवढीच उतरते आणि मग पुढे कोणालाच तिचा अर्थ लागत नाही. जिल्ह्याच्या नाबार्ड अधिकाऱ्याला, ज्यांना सगळे डीडीएम म्हणतात, ही यादी द्यावी. राज्याचा हवामान कृती आराखडा बेंगळुरूची एम्प्री संस्था करते. त्या आराखड्यात तुमच्या खोऱ्याचे नाव असले तर ना-हरकत पत्र मागताना ते उपयोगी पडते.

"मग नुकसानभरपाईचा नवा निधी?" हे कोणीतरी विचारणारच. तो २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखला ठरला, ३० नोव्हेंबर २०२३ ला दुबईत पहिल्याच दिवशी सुरू झाल्याचे जाहीर झाले. त्या दिवशी संयुक्त अरब अमिरात आणि जर्मनी यांनी प्रत्येकी १० कोटी डॉलर कबूल केले, अमेरिकेने १.७५ कोटी, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिका त्याच्या मंडळातून बाहेर पडली. सगळी कबुली मिळून एक अब्ज डॉलरलाही पोहोचत नाही, आणि पहिला मान बेटांच्या आणि अतिगरीब देशांचा आहे. भारताने त्यावर फारसे विसंबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय ठरावात लिहूनच ठेवले आहे की यातून कोणावर भरपाईची कायदेशीर जबाबदारी येत नाही.

आपल्याकडे पुराची भरपाई प्रत्यक्षात देतो तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. त्यात कर्नाटकासारख्या राज्यांसाठी केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५. २०२२ ते २०२६ च्या निकषांत पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० होते, आणि तेही दोन हेक्टरपर्यंतच. बागायतीचा दर गुंठ्यावर आणला तर साधारण १७२ रुपये पडतात. त्याच गुंठ्यात टनभर ऊस निघाला असता तर २०२५-२६ च्या एफआरपीने (केंद्राने ठरवलेल्या ऊसदराने), १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, तोडणी-वाहतुकीच्या आधी ३,५५० रुपये झाले असते. २०१९ च्या पुरानंतर पूर्ण पडलेल्या घराला राज्याने पाच लाख जाहीर केले, ते केंद्राच्या निकषाच्या कितीतरी वर होते. म्हणजे जादा भार राज्याने स्वतः उचलला. या 'जादा' रकमांचा जिल्हावार हिशेब दिल्लीने परिषदेत मांडला तर तो भाषणापेक्षा उपयोगी पडेल, कारण समोरचा नेहमी विचारतो: तुमचे नुकसान किती, आणि त्यातले तुम्ही स्वतः किती भरले?

आता फौंड्री. युरोपने आयात मालावर कार्बन सीमा कर आणला आहे. सीमा या शब्दाला आपल्याकडे वेगळेच वजन आहे. ही सीमा मात्र युरोपियन युनियनच्या जकात नाक्याची. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैसे लागू झाले. कर युरोपमधला खरेदीदार भरतो, २०२६ च्या मालाची प्रमाणपत्रे तो फेब्रुवारी २०२७ पासून विकत घेईल. पण तो भाव पाडून ते आपल्याकडून वसूल करणार, हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणाला समजावून सांगायला नको. भारताचे म्हणणे असे, की १९९२ च्या कराराच्या कलम ३.५ प्रमाणे हवामानाच्या नावाखाली व्यापारात आडकाठी आणता येत नाही. भारत, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका हा गट परिषदेत हा विषय सारखा लावून धरतो. बेलेमला त्यावर पुढच्या जून बैठकांत संवाद ठेवायचे ठरले. संवादाने कर थांबत नाही.

तेव्हा कारखानदाराने आधी आपला कोड बघावा. बिलावरचा एचएस कोड ७३०७ (पाइप फिटिंग), ७३०३ (ओतीव लोखंडी पाइप) किंवा ७३२६ असेल तर माल करात येतो. ७३२५, म्हणजे इतर ओतीव वस्तू, सध्या यादीत नाही. व्हॉल्व्ह, पंप, गाड्यांचे सुटे भाग असे ८४ आणि ८७ व्या प्रकरणातले कोडही सध्या बाहेर आहेत, पण डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या पुढच्या वस्तू त्यात घेण्याचा प्रस्ताव मांडला आहे. खरेदीदाराची यादीतल्या मालाची एकूण आयात वर्षाला ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट. ही मर्यादा खरेदीदाराची आहे, तुमच्या एकट्याच्या मालाची नाही. इथे बरेच जण फसतात.

हिशेब कसा लागतो? लोखंड-पोलादात सध्या थेट धूर धरतात, विजेचा धरत नाहीत. त्यामुळे विजेवरची इंडक्शन भट्टीवाला कोकवरच्या क्युपोला भट्टीवाल्यापेक्षा फायद्यात. एक टन कोक जळला की सुमारे ३ टन कार्बन डायऑक्साइड होतो. वितळलेल्या टनाला १२० किलो कोक लागत असेल तर तिथेच साधारण ०.३६ टन झाला. पण मोठा आकडा कोकचा नाही, पिग आयर्नचा, म्हणजे विकत आणलेल्या कच्च्या लोखंडाचा असतो. ते बनवताना ब्लास्ट फर्नेसमध्ये झालेला धूर तुमच्या खात्यावर चढतो, टनाला दोन टनांच्या आसपास. भंगाराचा मात्र शून्य धरतात. म्हणजे चार्जमध्ये (भट्टीत टाकायच्या मालात) पिग आयर्न कमी करून चांगले स्टील स्क्रॅप आणि कार्बन वाढवणारा कार्बुरायझर वाढवले तर कर उतरतो. पण सल्फर आणि सिलिकॉन सांभाळण्याची कसरत वाढते, आणि कार्बुरायझरचा जळलेला कार्बन मोजावा लागतोच.

यासाठी लागते ते हीटनिहाय, म्हणजे प्रत्येक वितळणीचे रजिस्टर: पिग आयर्न, स्क्रॅप, रनर-रायझरचे रिटर्न, कोक, चुनखडी, कार्बुरायझर, लॅडल तापवायचा गॅस किंवा डिझेल, आणि बाहेर पडलेले चांगले कास्टिंग, सगळे वजन काट्यावरचे. अंदाजे नको. पिग आयर्न पुरवणाऱ्याकडून त्याच्या धुराचा आकडा लेखी मागवा. नोंद नसेल तर युरोप ठरीव आकडे लावतो आणि ते मुद्दाम चढे ठेवलेले आहेत. नोंद असेल तरी मान्यताप्राप्त तपासनीसाकडून ती पडताळून घ्यावी लागते. लहान फौंड्रीला तो खर्च एकटीने झेपणार नाही, चार-पाच जणांनी मिळून एकच तपासनीस ठरवला तर फेऱ्या वाचतात. घाई किती करायची याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. युरोपमधल्या कारखान्यांना धुराचा मोफत कोटा मिळतो, आणि तो जेवढा कापला जातो त्या प्रमाणात हा कर चढतो. ती कपात २०२६ मध्ये फक्त २.५ टक्के आहे, २०३० मध्ये ४८.५, २०३४ मध्ये १००. आज बिलावर दिसणारा बोजा हा पुढच्या बोज्याचा किरकोळ अंश आहे.

राहता राहिला कार्बन क्रेडिटचा (एक टन धूर कमी केल्याच्या, विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचा) विषय, कारण झाडे लावा, डॉलर मिळवा म्हणत एजंट सध्या गावोगाव फिरत आहेत. जुन्या क्योटो हवामान कराराच्या पद्धतीत साखर कारखान्यांच्या बगॅसवरच्या वीजप्रकल्पांनीही क्रेडिट नोंदवले होते. २००८ मध्ये २० युरोच्या वर गेलेला त्यांचा भाव २०१२-१३ पर्यंत एक युरोच्या खाली आला आणि बऱ्याच जणांचा नोंदणीचा खर्चही निघाला नाही. सही करण्याआधी करारात पाच गोष्टी शोधा: मुदत किती वर्षांची, मधून बाहेर पडल्यास दंड किती, विक्रीच्या रकमेतला शेतकऱ्याचा वाटा खर्च वजा करून की आधी, झाडे वाळली किंवा पुराने गेली तर भरपाई कोणाकडे, आणि उताऱ्यावर बोजा चढतो का. समजा एकरी वर्षाला दोन क्रेडिट निघाले आणि पाच डॉलरचा भाव मिळाला, तरी एकरी दहा डॉलर होतात, त्यातून मोजणी, पडताळणी आणि एजंटचे कमिशन. पन्नास-शंभर एकरांचा गट नसेल तर मोजणीचाच खर्च अंगावर येतो. करार कन्नड किंवा मराठीत मिळत नसेल तर तो मिळेपर्यंत थांबा.